मुशीचं तेल

भाईंदरकडच्या डोंगरीच्या गॅब्रियलला सगळं गाव गाबू म्हणायचं, आणि गाबूने जीप आणली तेव्हा तेच गाव त्याला वेडा म्हणालं. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघत होत्या, आणि हा बाबा होडी किनाऱ्याला लावून तिकडे धावला. आणली ती गाडी तरी कसली! पत्रा चेपलेला, टप फाटलेला, मैलांचा काटा कुठल्याशा आकड्यावर दमून थांबलेला. आसामच्या चिखलात किती हजार मैल रगडली होती ते देवालाच ठाऊक. पण तिची चारही चाकं जोर लावायची, आणि गाबूला तेवढंच हवं होतं.

का हवं होतं, ते हसणाऱ्यांनाही माहीत होतं. बऱ्याच वर्षांमागे त्याची बायको मोनिका दुसऱ्या बाळंतपणात अडली. बैलगाडीत घालून भाईंदरच्या डॉक्टरकडे निघाले, तर वाटेतल्या मुर्धा गावाच्या अलीकडे चाकं चिखलात रुतली. ती निघेपर्यंत मोनिका राहिली नाही. आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली मॅबेल तेव्हा एवढीशी होती. आता तीच मॅबेल पहिल्या बाळंतपणाला बापाकडे आली होती. नवरा बोटीवर खलाशी. कुठल्या बंदरात असेल त्याचा पत्ता नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. गाबूने जीप आणली, त्यात वेडेपणा तो काय?

मुर्ध्याचा धर्मा लढाईत लष्कराची लॉरी चालवून आला होता. त्याने गाबूला गाडी शिकवली आणि बजावलं, की वापरलेली गाडी म्हणजे परक्या दावणीचं जनावर. आधी तिचं दुखणंखुपणं बघायचं, मग जुंपायची. दोघांनी इंजिनचं काळंकुट्ट तेल काढून नवं भरलं. पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं तेल ताकासारखं पांढरट निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं, तेही बदललं. रेडिएटर धुतला, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळले, सांध्यासांध्यात ग्रीस भरलं. शेवटी चाकं उतरवून ब्रेकचे ड्रम उघडले आणि आतली माती खरवडून, पुसून काढली.

"हे मात्र कोरडंच ठेव, गाबू," धर्मा म्हणाला.

शंभर गोष्टी सांगितल्या, त्यातली ही एक. का, ते त्याने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. पुढे धर्माला मुंबईला काम लागलं आणि तो गेला.

मॅबेलचे दिवस भरत आले तसा गाबू गाडीच्याच मागे लागला. पाणी बघ, तेल बघ, हवा बघ. एकदा सहज चाक काढलं, तर ड्रमवर तांबडा गंज! खारं वारं ते, लोखंडाला सोडतंय होय? गाबूला धर्माचं बोलणं आठवलं नाही असं नाही. पण धर्मा मिठागराच्या गावचं पोर, होडी कधी राखली नाही, त्याला खाऱ्या वाऱ्यातलं जपणं काय कळणार, असं याने मनाशी ठरवून टाकलं. बापाची होडी मुशीच्या तेलावर टिकली होती. मुशी मासा पकडायचा, त्याचं काळीज कढवून तेल काढायचं आणि लाकडाला चोपडायचं. मग खाऱ्या पाण्याची काय बिशाद! गाबूने तेच तेल चारही चाकांच्या आत मुरवलं, हातब्रेकलाही लावलं. किती मायेने लावलं म्हणून सांगू! ओट्यावर बसलेल्या मॅबेलने नाकाला पदर लावला. वास येतोय तो राखणीचा, असं तो तिला हसून म्हणाला. मग गाडी झावळ्यांखाली झाकून ठेवली.

चार दिवसांनी सकाळीच कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत सुईणीने हात टेकले. मॅबेलला मागे निजवून गाबूने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गाव रस्त्यावर आलं होतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

उताराला लागताच त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबेना. सगळा जोर लावला, हातब्रेक ओढला. मासळी हातातून निसटावी तसा तोही निसटला. काल-परवा शिकलेला माणूस, दुसरं काही सुचलं नाही. वळणावर रस्ता सुटला आणि जीप बांध ओलांडून मिठागराच्या चिखलात गेली. चारही चाकं जोर लावत राहिली आणि चारही खोल जात राहिली. शेवटी मिठाची एक बैलगाडी आली, तिने मॅबेलला भाईंदरला नेलं. मॅबेल वाचली. मुलगा झाला होता. तो रडलाच नाही.

धर्मा कळताच आला. चाक उघडलं, बोट फिरवून नाकाशी नेलं आणि ते तेलकट बोट गाबूपुढे धरलं. ब्रेक घासून धरतो, तेलावर तो काय धरणार, एवढं आता गाबूला कोणी सांगायची गरज नव्हती. अति तिथे माती, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मॅबेलने बापाला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त तो जवळ आला की तिला त्या तेलाच्या वासाने उमळून यायचं. गाबूने राखेने हात घासले, लिंबू चोळलं. जन्मभर मुरलेलं तेल ते, जातंय कुठे? शेवटी त्याने होडी भावाला देऊन टाकली आणि पन्नाशीला आलेला हा तांडेल मुर्ध्याच्या मिठागरावर मीठ ओढायला जाऊ लागला. मीठ वास खातं, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. हातांना भेगा पडल्या, भेगांत मीठ झोंबलं. संध्याकाळी तो दारात उभा राही आणि हात पुढे करी. मॅबेल वास घेई, मान फिरवी, आणि तो ओट्यावर जाऊन बसे.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी तिने ते फुटके हात आपल्या हातात घेतले आणि नाकाशी नेले.

"न्हाय येत आता, पपा," ती म्हणाली.

तिने त्याला आत बोलावलं, पाट मांडला, भात वाढला. गाबू खाली मान घालून जेवला. वाढायला वाकताना तिने श्वास रोखून धरला होता, ते त्याने पाहिलं होतं.