ओढ्याचा उंबरा

धाकट्या जावेचा मला मत्सर वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. आडपडदा कशाला? ती कोकणातली, खाडीकाठची. माझा दीर कारेगावात कंपनीत लागला, ती तिथंच पॅकिंगला होती. जमलं आणि लग्न झालं. सगळे म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. कसले नऊ? चौथं वर्ष सरत आलं तरी आमचे सासरे, आबा, तिच्याच कौतुकात.

कौतुक कशावरून, तर ओढ्यावरून. आमच्या रानाला लागून ओढा आहे. वरच्या माळावर निघतो, आमच्या शिवारातनं वळणं घेत खाली भीमेला मिळतो. भीमेच्या पल्याड दौंड तालुका. पावसाळ्यात हा ओढा अंगावर येतो आणि दिवाळी झाली की त्याची नुसती वाळू उरते. पण आमच्या बांधाखाली एक डोह होता. गावच्या विहिरींनी तळ दाखवला तरी त्यात मृगापर्यंत पाणी असायचं.

आबांचं घराणं मेंढपाळांचं. त्यांच्या वडलांनी ह्या डोहासाठीच इथं बिऱ्हाड थांबवलं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं डोहात घालून धुवायची, तर त्यासाठी लांबलांबचे कळप इथं यायचे म्हणे. आता मेंढरं गेली, कांदा आला, ऊस आला, पण आबा सकाळी डोहावर जाऊन आल्याशिवाय चहाला तोंड लावायचे नाहीत. ओढ्याच्या प्रत्येक वळणाला नाव होतं आणि ते फक्त त्यांना ठाऊक. खंड्या कुठल्या दरडीत बीळ करतो, मळ्या मासे कुठल्या सावलीला थांबतात, सगळं पाठ. टिटवीनं अंडी वाळूत घातली का वर बांधावर, ते बघून पावसाचं सांगायचे.

तर ही बया आली आणि पहिल्याच आठवड्यात कपारीत हात घालून खेकडा काढून बसली. मी एकोणीस वर्षं त्या काठाला राहते, माझा हात कधी गेला नाही. मग संध्याकाळी ओट्यावर तिच्या गप्पा. तिच्या गावची खाडी दिवसातनं दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. झाडं खाऱ्या पाण्यात उभी राहतात आणि मुळ्या वर काढून श्वास घेतात. आबा लहान पोरासारखे ऐकायचे. "दिसातनं दोनदा? आन् आपलं येकदा गेलं की वर्षानं यायचं," म्हणायचे आणि हसायचे. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ओढ्यावर. कुठल्या वळणाचं काय नाव, ते तिला सांगायचे. मी भाकरी थापत बसायची. चुलीपेक्षा माझंच पोट जास्त पेटायचं.

एकदा जेवताना माझ्यादेखत म्हणाले, "हिला पाण्याची नजर हाय."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. त्या डोहाचं पाणी डोक्यावर वाहून माझी टाळू बसली, तेव्हा कुणी नजर काढली नाही. मला नजर नाही, नुसती मान होती होय?

माझ्यापाशी मात्र एक गोष्ट होती, जी तिच्यापाशी नव्हती. मी नवी नवरी होते त्या साली मोठा दुष्काळ पडला आणि डोहसुद्धा तळाला गेला. मी पाणी भरायला गेले तेव्हा आबांनी मला थांबवलं. डोहाच्या खालच्या तोंडाला बसून हातानं वाळू सारली. खाली काळ्या खडकाची पट्टी निघाली, या काठापासून त्या काठापर्यंत आडवी. "घराला उंबरा आसतो ना, तसा ह्यो वढ्याचा उंबरा. ह्यानंच पानी धरून ठिवलंय," ते म्हणाले. पुढच्या पुरात त्याच्यावर पुन्हा वाळू आणि गाळ बसला आणि तो कुणाला दिसला नाही. धाकटीला आबांनी उंबऱ्याची गोष्ट सांगितली असेल, पण जागा दाखवली नव्हती. मला पक्की ठाऊक होती. वाकड्या शिंदीच्या झाडासमोर, बरोबर चार पावलं खाली. कधी फारच जळफळाट झाला की मी मनातल्या मनात ती चार पावलं मोजायची.

गेल्या वैशाखात ओढ्याच्या खोलीकरणाचं काम निघालं. ज्याच्या रानापुढं मशीन येईल, त्यानं हजर राहून सांगायचं, असं ठरलेलं. आमच्यापुढं पोकलेन आलं तेव्हा माझा नवरा आणि दीर दोघंही शिफ्टला होते. आबा दौंडला, नणंदेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला गेलेले. मी वरच्या तुकड्यात कांदा काढत होते. धाकटी मशीनपाशी उभी होती. मला तिथूनही ती हात हलवून ड्रायव्हरशी बोलताना दिसत होती. मालकिणीसारखी.

थोड्या वेळानं पळत आली. धापा टाकत होती. "ताई, आबा सांगायचे तो उंबऱ्याचा खडक नक्की कुठं आहे? मशीनवाला म्हणतो, दाखवा, तेवढं सोडतो. वन्संना फोन लावला, उचलत नाहीत."

मी मान वर केली नाही. कांद्याची पात कापत राहिले. म्हणाले, "मला काय विचारतेस? तुलाच पाण्याची नजर आहे ना."

ती परत पळत गेली.

खरं सांगते, मला वाटलं होतं, घटकाभर तिची फजिती होऊ दे, मग जाऊन दाखवीन. एक सरी संपवून उठू म्हटलं. सरी संपायच्या आत खडकावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला. विळा टाकून धावले, पण पोचले तेव्हा पाणी फुटलेल्या जागेतनं खाली चाललं होतं. दिवस मावळायच्या आत डोह रिकामा झाला. चिखलात मासे तडफडत होते आणि बगळे जमले होते. धाकटी पदर खोचून चिखलात उतरली. मिळतील तेवढे मासे बादलीत भरून गुरांच्या हौदात नेऊन सोडत राहिली. मी काठावर उभी होते.

आठ-दहा दिवसांनी आबा आले. डोळ्यावर काळा चष्मा होता. घरात न शिरता आधी डोहावर गेले. चष्मा काढून नव्या डोळ्यानं बघितलं ते हे. मग दगडावर बसले आणि किती वेळ उठलेच नाहीत. आम्ही दोघी मागं उभ्या होतो. धाकटीच्या हातात त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता.

शेवटी म्हणाले, "धाकटीचा दोष न्हाई. तिला जागा ठावं नव्हती. थोरली हितं आसती, तर त्यो खडक हालला नसता."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. आता ही सांगणार, आणि सांगायलाच पाहिजे, असं वाटलं. तिनं तांब्या आबांच्या हातात दिला आणि म्हणाली, "चूक माझीच झाली, आबा."

मी गप्प राहिले.

त्या दिवसापासून आबा रोज सकाळी मला हाक मारतात. धाकटीला नाही, मला. काठी टेकत पुढं चालतात आणि एकेक वळण दाखवतात, नाव सांगतात, पुन्हा म्हणायला लावतात. म्हणतात, माझ्यामागं हे तूच सांभाळायचं. एकोणीस वर्षं मला हेच पाहिजे होतं. धाकटी आता ओढ्याकडं येत नाही. आम्ही निघालो की ती भाकरी थापायला बसते.

फुटलेल्या खडकापाशी आबा रोज थांबतात. काठीनं त्याची कड चाचपतात आणि रोज तेच म्हणतात, "तू आसतीस तर ह्ये झालं नसतं."

आणि मी म्हणते, "व्हय, आबा."