काकूंचा घास

श्री. ज्योतीराम साहेबराव गंभिरे, मूळ राहणार औसा, हल्ली मुक्काम रहाटणी. पदनाम: नेटवर्क प्रशासक व संगणकीय विदा-हस्तांतरण समन्वयक. पदनाम त्यांनी स्वतःच ठरवले होते. चाकणच्या त्या वर्कशॉपात कोणी हरकत घेतली नाही, कारण कोणी ते वाचलेच नव्हते.

त्यांच्या प्रशासनाखाली रयत एकच: शेडच्या कोपऱ्यातली जुनी कटिंग मशीन. सगळे तिला काकू म्हणत. बंद केल्या की काकूंना सगळ्याचा विसर पडे. सकाळी चालू केल्या की त्या आपली फाइल नाव घेऊन मागत, आणि ज्योतीरामच्या टेबलाखालचा कॉम्प्युटर ती टीएफटीपी नावाच्या साध्यासुध्या रीतीने पाठवी. पासवर्ड नाही, चौकशा नाहीत. एक घास द्यायचा, पोचल्याचे उत्तर आले की पुढचा. उत्तर नाही आले, तर तोच घास पुन्हा. ज्योतीराम घरी फोनवरही असाच बोले. आईचा, दुर्गाबाईंचा ‘हं’ आला नाही, तर तेच वाक्य परत.

खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, दसऱ्याची सुट्टी सरली आणि कामाच्या पहिल्याच सकाळी काकू उठेनात. फाइल मागत राहिल्या. समोरून उत्तर नाही.

“रुसल्या वाटतं,” शेजारच्या मशीनवरची पूनम म्हणाली. “हार आखूड पडला असेल.”

तेवढ्यात मालक दादासाहेब आले. “ज्योतीराम, लई झाले हिचे लाड. भंगारवाला नवनाथ टेम्पो घेऊन येतोय. तवर चालली तर हाय, न्हाई तर उचलू दे त्याला.”

“काकू धडधाकट आहेत, दादा. मागतायत बघा. देणाराच गप बसलाय.”

“आन् देणारा कोण?”

“मीच की.”

त्याने कॉम्प्युटर बघितला, फाइल बघितली. मग वायरीचा माग काढत, गुडघ्यांवर रांगत तो देवीच्या फोटोपाशी पोचला. फोटोभोवती दिव्यांची माळ अजून लुकलुकत होती. खाली काकूंना कॉम्प्युटरशी जोडणारा नेटवर्कचा डबा होता. त्यावर मात्र एकही दिवा नव्हता. ज्योतीरामने माळ विझवली आणि डब्याची पिन बोर्डात खोचली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

नवनाथ आत येईपर्यंत काकू घास घेऊ लागल्या होत्या.

“काय झालं व्हतं रं?” दादासाहेबांनी विचारले.

“वीजपुरवठ्याअभावी संप्रेषणात खंड पडला होता, दादा.”

दादासाहेबांनी आदराने मान हलवली. नवनाथ चहा पिऊन गेला.

माळ लावायला डब्याची पिन ज्योतीरामनेच काढली होती.