कुलेरबाई

कुलेरबाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, दात राहत. बाजारात कुणी वाकून नमस्कार केला की त्या आधी त्याच्या तोंडाकडे बघत आणि मग चेहरा उजळून म्हणत, "अरे, तू तो सुळ्यावर सुळा आलेला ना? तिसरीपर्यंत अंगठा चोखायचास!" तो बिचारा बायकोपोरांसमोर ओठ घट्ट मिटून घ्यायचा. बाईंचं खरं नाव वेगळं होतं, पण मये गावात ते फक्त हजेरीपटाला ठाऊक.

कुलेर म्हणजे चमचा. दर सोमवारी आम्ही मुलं घरून आपापली कुलेर घेऊन शाळेत यायचो. जो विसरला त्याला बाई परत घरी पिटाळत. प्रार्थना झाली की बाई व्हरांड्यात स्टूल टाकून बसायच्या आणि आम्ही उजेडाकडे तोंड करून रांगेत उभे राहायचो. त्या वेळी तळ्यावरचं धुकं हळूहळू शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं असायचं. माड अर्धे दिसायचे, अर्धे नाही. मी अर्धवट झोपेतच असायचे. मग हनुवटीखाली बाईंचा गार हात यायचा, कुलेरीचा दांडा जिभेवर टेकायचा आणि आवाज यायचा, "आ कर. अजून मोठा. तळ्यातला मासा बरा गो तुझ्यापरीस!"

दात कशाने घासता याची त्यांना फार फिकीर नव्हती. ब्रश असेल तर ब्रश, नाहीतर आंब्याचं पान. मशेरीचं नाव काढलं तर मात्र अंगावर धावून जायच्या. "रात्री गूळ खाऊन, चूळ न भरता निजलात तर किडा पंगतीला बसलाच म्हणून समजा," असं त्या आम्हाला बजावायच्या. "दुधाचेच तर दात, पडणारच ना?" असं एखादी आई म्हणाली की त्यांचं उत्तर तयार असे. "अगो, बशीत जागा धरायला रुमाल टाकतात ना? दुधाचा दात तो रुमाल. तोच कुणी उचलून नेला तर मागून येणाऱ्याने बसायचं कुठे?" हे सगळ्यांना पटायचं. डिचोलीच्या बसमध्ये रुमाल टाकला नाही असं माणूस आमच्या गावात नव्हतं.

घटकराज्य व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. चहाच्या दुकानात मराठी की कोंकणी यावरून रोज हमरीतुमरी चालायची. एकाने बाईंना भर रस्त्यात अडवून विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" बाई मूळच्या मालवणकडच्या. म्हणाल्या, "शाळेत मराठीची, चुलीकडे मालवणीची. आणि तू आधी पान थुंकून चूळ भर, मग माझ्याशी वाद घाल." मी त्यांच्या मागेच होते. त्या दिवशी मला वाटलं, जगात बाईंना उत्तर येत नाही असा प्रश्नच नाही.

मी दुसरीत असताना एका सोमवारी बाईंनी माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेवर काळा ठिपका पाहिला. "बाबांना सांग, दाढ किडलीय, सरकारी दवाखान्यात दाखवा," एवढाच निरोप त्यांनी दिला. माझे बाबा दोडामार्गकडचे, खाणीवर ट्रक चालवायचे. पहाटे जायचे ते संध्याकाळी नखशिखान्त तांबडे होऊन यायचे. दवाखान्याला जायला सवड कुणाला? मग दाढ दुखायला लागली. आईने लवंग ठेवली, मिठाच्या गुळण्या दिल्या. तीन दिवस मी घर डोक्यावर घेतलं. बाबांना माझं रडणं बघवेना. चौथ्या दिवशी त्यांनी मला ट्रकमध्ये पुढे बसवलं आणि आठवड्याच्या बाजारात दात काढणाऱ्या माणसासमोर नेऊन उभं केलं. "दुधाचो दात तो, पडतलोच मा," ते मला कुरवाळत म्हणाले. "नवो येतलो, रडा नको." घरी आल्यावर त्यांनी दाढ कौलांवर फेकली आणि उंदराला चांगली दाढ द्यायला सांगितलं. एवढा दांडगा माणूस, पण उंदराशी किती अजिजीने बोलला!

पुढच्या सोमवारी बाईंचा हात थांबला. "ही कुणी काढली?"

"बाबांनी काढून आणली. आता नवी येणार. येणार ना, बाई?"

बाईंनी कुलेरीच्या दांड्याने माझे दात मागेपर्यंत मोजले. मग म्हणाल्या, "बघूया."

मग माझं वाट बघणं सुरू झालं. त्या दिवसांत सगळेच कसली ना कसली वाट बघत होते. मोठी माणसं राज्याची, मी दाढेची. दुपारी तळ्याकाठी बसून मी त्या खळग्यात जीभ फिरवत राहायचे. पाण्यावर ऊन हलायचं, डोळे जड व्हायचे आणि मला वाटायचं, आत खोल कुठेतरी माझी दाढ उठून बसलीय, पांढरीशुभ्र, वर यायचा रस्ता शोधतेय. कधी ती अगदी हिरडीखाली आल्यासारखी वाटायची. दर सोमवारी मी विचारायचे, "आली?" आणि बाई म्हणायच्या, "बघूया." सबंध पावसाळा असा गेला.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळा सुटल्यावर बाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं. "मधल्या दातापासून मागे मोज," त्या म्हणाल्या. "पाच दुधाचे. सहावी दाढ सहाव्या वर्षी येते, ती जन्माची. तुझी काढली ती सहावी होती. ती परत येत नाही गो." माझी जीभ आपसूक त्या खळग्यात गेली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू इतक्या आशेने विचारायचीस, माझ्याने सांगवेना. आणि तुझ्या बाबांना दाढ किडलीय म्हणून कळवलं, पण ती दुधाची नाही, हे कळवलं नाही. मला वाटलं, ठाऊक असेल."

"खोटारड्या आहात तुम्ही!" मी ओरडले आणि घरापर्यंत धावत सुटले. त्याच संध्याकाळी बाई घरी येऊन बाबांनाही सगळं सांगून गेल्या. बाबांनी बालदी उचलली आणि ते ट्रक धुवायला गेले.

त्यानंतर दोन वर्षं मी बाईंसमोर तोंड उघडलं नाही. रांगेत उभी राहायचे, कुलेर हातात धरायचे, पण ओठ मिटलेले. बाई माझ्यापुढे क्षणभर थांबायच्या आणि पुढच्या मुलाकडे वळायच्या. कधी जबरदस्ती केली नाही की रागे भरल्या नाहीत. मी मात्र त्यांच्यावरच्या रागाने दोन वेळा दात घासायचे. बघाच, तुमच्यावाचून माझं काही अडत नाही! आणि बाई दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात छत्री घेऊन, पहिलीत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊ लागल्या. चहासुद्धा न घेता अंगणातूनच सांगायच्या, "सहावी दाढ दुधाची नाही. मोजायला शिका."

मी चौथीत असताना बाई निवृत्त झाल्या. शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता. शाल झाली, नारळ झाला, राज्य येणार म्हणून एकाने लांबलचक भाषण केलं. मग बाई उठल्या. "पुष्कळ मुलांचे दात वाचवले म्हणता," त्या म्हणाल्या, "पण एका मुलीची जन्माची दाढ माझ्यामुळे गेली. वर मी तिला चार महिने खोटी आशा लावली. ती इथे बसलीय. मी तिची माफी मागतंय."

मागच्या रांगेतून बाबा उठले. खाणीवरून तसेच आलेले, केसांत तांबडी धूळ. "बाई, तुमी कित्याक माफी मागतास? बाजारात मी नेलंय तिका. दाढ मी काढून घेतलंय. तुमी घरी येवन सांगलास, तेव्हापासून मी चेडवाकडे नीट बघूक नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, चुकलंय गो मी."

बाबांवर मी एक दिवसही रागावले नव्हते. ज्या बाईंनी खरं सांगितलं, त्यांनाच मी दोन वर्षं शिक्षा केली होती. लाज वाटली, फार वाटली. मी उठले, सगळ्यांच्या देखत बाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि मोठा आ केला.

बाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. वरचे, खालचे, एकेक करून त्यांनी सगळे दात पाहिले आणि डोळ्यांना पदर लावला. "बाकीचे सगळे धड आसत गो चेडवा."

"खरांच, बाई?" बाबांनी मागून विचारलं.

"खरांच," बाई म्हणाल्या. "तिच्याशी आता मी खोटां बोलूचंय नाय."