पट्ट्याला दशांश येईनात

लेक प्रांजल पाली गाव सोडून कुठं निघाली की वर्षाराणीचे प्रश्न गाडीच्या आधी निघत. तिथं पाणी आहे का? दाराला आतून कडी आहे का? भोरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली बाई, पण काळजीत तिनं डॉक्टरेटच केली होती.

सध्या काळजी एकच. प्रांजल घरून काम करत होती ते शेळ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याचं. शेळी डोंगरात कुठं आहे ते पट्ट्यानं मोबाईलवर कळवायचं. पट्ट्यात इवलासा प्रोसेसर, त्यावर तेवढीच इवली ऑपरेटिंग सिस्टीम. प्रांजलनं लिहिलेला प्रोग्रॅम या जोडीला कळेल असा उतरवून देतो तो कंपायलर. तोच तिला नीट बसवायचा होता. शुक्रवारपर्यंत पट्टा बोलला तर घरूनच कायम नोकरी. नाहीतर चंबूगबाळं उचलून हैदराबादचं ऑफिस.

पट्टा चालू व्हायचा आणि जागा मोजायची वेळ आली की मुका.

शुक्रवारी दुपारी वरच्या वाडीचा बिरू धनगर आला. चाचणीचा पट्टा घातलेली शेळी त्यानं फाटकाला बांधली.

"वैनी, आमच्या कारभारणीनं, सोजरानं, मसाला कसा करायचा त्याची चिठ्ठी मागितलीया."

"लिहून ठेवलीय. पण भाऊजी, वर मिक्सर आहे ना?"

"मिक्सर? लाईट आली तर म्या पेढं वाटीन! पाट्यावरच वाटतीया ती."

"मग ही चिठ्ठी उपयोगाची नाही. थांबा, पाट्याची लिहून देते. वेळ लागेल, पण होईल."

आतून प्रांजल ओरडली, "आई! पाटा!"

"काय झालं पाट्याला?"

"अगं, माझ्या चिपकडे मिक्सरच नाही! दशांशाची गणितं करणारा भाग मोठ्या चिपमध्ये असतो, हिच्यात नाही. मी कंपायलरला 'आहे' म्हणून सांगून बसलेय."

"आणि प्रोग्रॅम देण्याआधी, मिक्सर आहे का, विचारलं नाहीस?"

"नाही."

'म्हणून मी सारखी विचारते,' हे वाक्य वर्षाराणीनं गिळलं. जन्मात एवढं जड काम तिनं केलं नव्हतं.

प्रांजलनं सेटिंगची एक ओळ बदलली: दशांशाची गणितं पाट्यावर, म्हणजे साध्या बेरजा-वजाबाक्या करत, सावकाश. बिरूनं शेळीचे कान धरले, वायर लावून नवा प्रोग्रॅम पट्ट्यात गेला, शेळी सुटली. मोबाईलच्या नकाशावर निळा ठिपका उमटला.

"बोलला! आई, बोलला!"

"कुठं आहे म्हणतो?"

"आपल्या घरामागं."

"घरामागं तर माझी कोथिंबीर!"

दोघी धावल्या. पट्टा अगदी खरं बोलत होता. वाफा निम्मा साफ झाला होता. बिरू काठी उगारणार, तोच वर्षाराणीनं त्याचा हात धरला.

"राहू द्या. हैदराबाद टळलं, खाऊ दे." मग शेळीकडं बघत म्हणाली, "पण भाऊजी, एवढी कोथिंबीर बाधणार तर नाही ना हिला?"