क्लच नसलेली सायकल

जरा जवळ सरकून बसा. लांबून ऐकायची तुमची सवय काही चांगली नाही, अर्धं ऐकता आणि अर्धं मनाचं घालता. शिवाय माझा तुमच्यावर थोडा राग आहे. घरात गिअरची चांगली सायकल उभी, तिच्यावर टॉवेल वाळतात. विचारलं की म्हणता, गिअरचं काही समजत नाही, भीती वाटते. मला पासष्टाव्या वर्षी समजलं. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली आहे, तुमच्याकडे तर डिग्री आहे.

कसं समजलं ते सांगते. मधे उठू नका.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, आमच्या गावापासून चार किलोमीटरवर राहते. एकटीच राहते. म्हणजे दोन बकऱ्या आहेत, पण बोलणारी एकटीच. दिवाळीनंतर तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला डोळ्यात थेंब टाका, हात साबणानं धुऊन टाका, चुकवू नका. आक्का पहिल्या दिवशी स्वतः टाकायला गेली. तीन थेंब गालावर, एक कानात. डोळा कोरडाच राहिला.

तिच्या गावात दुसरं कोणी टाकायला नव्हतं. कापसाचे दिवस, सगळ्या बाया सकाळी आठच्या आधीच वेचणीला जातात, त्या अंधार पडताना परत. आमच्याकडे ये म्हटलं तर ती येईना.

"बकऱ्यायले कोन पाहीन?" ती म्हणाली.

"बकऱ्या पण आन," मी म्हटलं.

"त्यायले तुह्यं गाव पसंत नाही."

बकऱ्यांना विचारायची सोय नव्हती, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला. मी तिच्याकडे जाऊन राहावं, तर आमच्या घरी यांना शुगर आहे, यांचं जेवण वेळेवर लागतं. मुलगा जिनिंगवर, कापसाच्या कारखान्यात, कामाला, सकाळी सहालाच मोटरसायकल घेऊन जातो. बस आहे, पण ती अकराला येते. तेव्हा राहिली सायकल, सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक.

सायकल मला नवीन नाही. अंगणवाडीत मदतनीस होते तेव्हा तेवीस वर्षं सायकलवरच गेले. पण ती माझी काळी सायकल केव्हाच गंजून भंगारात गेली. घरात होती ती नातीची. ती आता अमरावतीला होस्टेलला आहे. सायकल गुलाबी आहे, दांडा तिरपा आहे म्हणून साडीवर बसता येतं. डाव्या हाताशी तीन गिअर, उजव्या हाताशी सात. तीन साते एकवीस. यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यांच्या गाडीला पाच गिअर होते आणि त्यात पंचावन्न माणसं बसायची. माझ्या एकटीला एकवीस.

पहिल्याच दिवशी मी पडले. गिअरनं नाही, ब्रेकनं. माझ्या काळ्या सायकलचा पुढचा ब्रेक कधीच लागत नसे, त्यामुळे तेवीस वर्षं मी तो जीव खाऊन दाबत आले. तीच सवय. गावाच्या बाहेर एक कुत्रं आडवं आलं, मी उजव्या हातानं जोरात दाबला. हिचा पुढचा ब्रेक लागतो. सायकल जागच्या जागी थांबली आणि मी तिच्या पुढे गेले. सोयाबीनच्या कापलेल्या खुटांवर पडले. कोपर सोललं. कुत्रं थोडा वेळ बसून पाहत होतं.

संध्याकाळी मुलगा घरी आला, त्यानं कोपर पाहिलं. तो जास्त बोलत नाही, बापावर गेला नाही.

"आई, अजून एकडाव पडली तं सायकल माळ्यावर. मावशीले मी उचलून इकडं आननार, अन् बकऱ्या देऊन टाकनार कोनाले."

"तिले विचारशीन की नाही?"

"नाही."

तो बोलतो तसं करतो. आक्कानं नवरा गेल्यावर बारा वर्षं ते घर एकटीनं धरून ठेवलेलं आहे. दोन खोल्या, एक न्हाणी, दारात कढीपत्ता. आमच्याकडे आली असती तर आम्ही तिला खाटेवर बसवलं असतं, वेळेवर चहा दिला असता, आणि ती सहा महिन्यांत म्हातारी झाली असती. माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे, पण अजून म्हातारी झालेली नाही. म्हणजे आता सगळं माझ्या न पडण्यावर होतं.

यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं. रिटायर झाल्यापासून यांना शिकवायला कोणी मिळालं नव्हतं. रोज सकाळी मी निघायच्या आधी हे फाटकाशी उभे. आधी दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून पाहायची. मग ब्रेक, एकेक करून. मग घंटी. मग मागचा लाल दिवा. मग माझी तपासणी. पदर खोचला का, उजव्या पायाशी साडीला रबर लावलं का, कारण हिच्या चेनवर झाकण नाही. मग हेल्मेट. हेल्मेटची मला आधी लाज वाटली. मग ध्यानात आलं की आक्काच्या गावात माझे चुलत सासरे बसलेले असतात, त्यांच्यासमोर डोक्यावर पदर लागतो. हेल्मेट त्याहून जास्त झाकतं. कोणी काही बोललं नाही.

यांचं शिकवणं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. ब्रेक आधी मागचा, मग पुढचा, आणि एकदम नाही, थोडा थोडा. उतारावर हॅंडल घट्ट नाही धरायचं, पण सोडायचंही नाही. मागून ट्रॅक्टर आला तर मागे वळून पाहायचं नाही, वळून पाहिलं की सायकल पण वळते. आपली बाजू धरून सरळ जायचं. कापसाची ट्रॉली दिसते त्याच्याहून रुंद असते, दोन्ही बाजूंनी फुगलेली. हे सगळं बरोबर होतं. चूक फक्त एक होती.

"गिअर टाकाच्या आधी पाय थांबव," हे म्हणाले. "पाय थांबवला म्हंजे क्लच दाबला. मंग गिअर टाक. मंग पाय चालू. गाडीचं हेच असते."

एकतीस वर्षं एकही अपघात नाही, त्या माणसाला मी काय विचारणार. मी तसंच केलं. सपाटीवर थोडा कटकट आवाज यायचा, तेवढंच.

पण आक्काच्या गावाआधी नाला आहे, त्यावर पूल, आणि पुलानंतर चढ. लांब नाही, पण सरळ अंगावर येतो. तिसऱ्या दिवशी मी चढाच्या मध्यापर्यंत जड गिअरवरच गेले. पाय उचलेना. मग यांचं ऐकून पाय थांबवला. गिअरचा खटका दाबला, एकदा नाही, तीनदा. काही झालं नाही. मग जोर लावून पाय मारला. खाली काहीतरी मोठ्यानं कटक झालं, चेन निसटली, आणि पाय रिकामा फिरला. मी पडले नाही. उतरले. उतरायला थोडी घाई झाली एवढंच.

चेन हातानं बसवली. बसवायला वेळ लागला, कारण चेन कोणत्या दातेरी चक्राची ते मला माहीत नव्हतं. आक्काच्या दारात पोचले तेव्हा साडेआठ झाले होते आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. डॉक्टरांनी सांगितलेलं, हात स्वच्छ. राखेनं घासले, साबणानं घासले, परत राखेनं घासले. आक्का खाटेवर मान वर करून, डोळा उघडून बसलेली.

"काय करून राह्यली वो?"

"हात धुऊन राह्यली."

"इतकं काय केलं हातानं?"

मी बाटलीचं झाकण काढलं. थेंब टाकला तेव्हा नऊ वाजले होते. वंगण आणि डोळ्याचं औषध, ही दोन कामं एका बाईनं एका सकाळी करू नयेत.

तिथून सरळ घरी आले नाही. आमच्या गावात स्टॅंडजवळ एक मिस्त्री आहेत, मुसलमान घर, बापाच्या वेळेपासून सायकलीचंच काम. पंप, पंक्चर, सगळं. यांना ओळखतात, एसटी त्यांच्या दुकानासमोरच थांबायची. मी सांगितलं, चढावर चेन पडते.

त्यांनी सायकलचं मागचं चाक एका हातानं वर उचललं आणि म्हणाले, "भाभी, पैडल घुमाव."

मी हातानं पैडल फिरवलं. त्यांनी खटका दाबला. चेन आपली आपण सरकली, एका चक्रावरून दुसऱ्यावर, जिना चढावा तशी.

"अब रुको."

मी थांबवलं. त्यांनी खटका दाबला. काहीच नाही.

"अब घुमाव."

कटक. तोच आवाज.

"चेन चलती रही तो ही दूसरे पे चढेगी," ते म्हणाले. "पैर चालू रखना. पर हलका, जैसे कोई काम नहीं है. जोर लगाया तो अटकेगी, बंद किया तो भी अटकेगी. और चढाव आने के बाद नहीं, आने के पहले. पुल पे ही डाल देना. किसने बोला आपको पैर बंद करने को?"

मी यांचं नाव घेतलं नाही. तसंही आम्ही घेत नाही.

मिस्त्री चेन पुसायला लागले. मग म्हणाले, "भाईसाब को मत बोलना."

नाही सांगितलं. आता रोज सकाळी हे फाटकाशी उभे, मी निघाले की मागून आवाज, "क्लच." मी पाय थांबवून खटका दाबल्यासारखं करायची. दाबायची नाही. यांना दिसायचा तो कडुनिंबाच्या झाडापर्यंतचा रस्ता. झाड मागे पडलं की मिस्त्रींच्या पद्धतीनं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असं एखादं झाड लागतंच.

दुसऱ्या दिवशी पुलावरच गिअर टाकले. उजव्या हातानं मागची चेन मोठ्या चक्रावर, डाव्या हातानं पुढची लहानावर. पाय हलके झाले, इतके की मी आधी घाबरले, चेन परत पडली वाटलं. पाय भराभरा फिरतात आणि सायकल मात्र आपली सावकाश. त्या वेळी वेचणीला जाणाऱ्या चार बाया चढ चढत होत्या, डोक्यावर डबे. मी त्यांच्या बरोबरीनं चालले होते. म्हणजे त्या चालत होत्या, मी सायकलवर होते.

"आजी, उतरून चाला ना, लवकर पोचसान," एक म्हणाली.

"उतरत नाही."

"पाय दुखत नाही काय?"

"नाही दुखत. हे सांग, तुह्या सासूचं गुडघ्याचं कसं आहे?"

तिनं सासूचं सगळं सांगितलं. ते संपेपर्यंत चढ संपला. पाय टेकवला नाही. मागून एक ट्रॅक्टर कापूस घेऊन आला, मी वळून पाहिलं नाही, सरळ धरून राहिले. तो गेला तेव्हा पदराला लागलेल्या वाऱ्यानं कळलं की फार लांब नव्हता. आठला पाच कमी असताना मी आक्काच्या न्हाणीत हात धुत होते. हात स्वच्छच होते, तरी धुतले.

असे वीसेक दिवस गेले. एका दुपारी मी आडवी झाले होते. ओसरीतून आवाज आला. पाहिलं, तर यांनी सायकलचं मागचं चाक दोरीनं आढ्याला टांगलेलं. चेनला तेल टाकत होते. तेल टाकून झालं तरी हे उठेनात. एका हातानं पैडल फिरवायचं, दुसऱ्यानं खटका. चेन सरकायची. मग पैडल थांबवून खटका. मग फिरवलं, कटक, चेन खाली. बसवली. परत तेच. चार वेळा केलं.

मी आत गेले आणि चहा ठेवला.

हे आत आले, हात काळे. कप घेतला, कपालाही काळं लागलं. अर्धा चहा झाल्यावर म्हणाले, "हिचा क्लच कोठी आहे?"

"नसन बहुतेक," मी म्हटलं.

"हं."

 यांचे डोळेही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, म्हणूनच गाडी चालवणं सुटलं. गाडी सुटल्यावर माणसाजवळ त्याचं शिकलेलं राहतं, आणि मी त्यातलं थोडं वीस दिवस झाडामागे टाकून जात होते. हे मला त्या चहाच्या वेळी समजलं. मिस्त्रींकडे गेले होते हे सांगावं असं आलं तोंडापर्यंत. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी चाकं दाबून झाली, ब्रेक झाला, घंटी झाली. मी पैडलवर पाय ठेवला.

"पाय चालू ठेव," हे म्हणाले. "हलके ठेव. अन् चढाच्या आधी टाक. महिन्याचं सांगून राह्यलो मी तुले."

"हो," मी म्हटलं. "माह्याच ध्यानात राहत नाही."

महिना झाला. आक्काला यवतमाळला दाखवलं, डॉक्टर म्हणाले डोळा छान आहे, थेंब बंद करा. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा सायकल नीट पाहिली, वाकून, मागच्या चाकाजवळ.

"एका चेनीले इतके दात कायले?" तिनं विचारलं.

"चढ असते न वो."

"चढ तं एकच हाये."

 बकऱ्या दारात होत्या, आक्का तिच्या घरात होती, आणि सायकल माळ्यावर गेली नव्हती. पुढच्या आठवड्यात मुलानं एवढंच विचारलं, "औषध तं संपलं, आता कायले जातं?" मी म्हटलं, आक्काला थेंबाची सवय झाली आहे, मी गेले नाही तर तिला करमत नाही. तो मोटरसायकल काढून जिनिंगवर गेला. मी मंगळवारी आणि शनिवारी जाते.

तर आता तुम्ही आक्काकडे या. घरी गेल्यावर नुसतं फोनवर येतो येतो म्हणू नका. आक्काच्या शेजारच्या वावरात तूर भरलेली आहे, हिरव्या सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी ती अशी करते की भाकर कमी पडते. पण सोले पंधरा दिवसांचे, मग दाणा वाळतो आणि त्याची डाळच होते. म्हणून याच पंधरवड्यात या. शनिवारी आलात तर मी तिथेच असेन.