लाल बटण

शेंद्र्याच्या मोटार-पार्टच्या कारखान्यात मी कामाला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात आमचे सुपरवायझर रजेवर गेले आणि एका दिवसापुरत्या त्यांच्या जागी छावणी भागात राहणाऱ्या एक बाई आल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. गळ्यातला बारीक क्रॉस त्यांनी काम सुरू व्हायच्या आधी कॉलरच्या आत सरकवला आणि मला लाइन थांबवायच्या लाल बटणापाशी उभं केलं.

"चुकीचं दिसलं की दाबा. मला विचारत बसू नका."

स्वतः मात्र हात पाठीमागं बांधून उभ्या राहिल्या.

तासाभरात मी बटण दाबलं. एका पार्टला तडा दिसला होता. ती निघाली ग्रीसची रेघ. मॅनेजर तणतणत आले. "लाइन कुणी थांबवली?"

"थांबवायला मी सांगितलंय," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी म्हणाले, "मॅडम, दुसरं कुणी उभं करा इथं. मी करमाडच्या खेड्यातली, मला काय कळतंय यातलं?"

"येशूनं आपलं काम मासे धरणाऱ्यांच्या हाती दिलं. तेही लई चुकले. त्यानं काम काढून नाय घेतलं."

दुपारी मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी तडा खरा होता. बाईंनी नुसती मान हलवली. हात पाठीमागंच.

आता त्या लाइनवर सुपरवायझर मी आहे. परवा एका नव्या बाईनं ग्रीसची रेघ बघून लाइन थांबवली. मॅनेजर आलेच.

"थांबवायला मी सांगितलंय," मी म्हणाले. इतक्या ताठ मानेनं मी स्वतःचं नावसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.