झाड सकाळी पाहावे

गुरुपादप्पाअण्णांची साठी झाली. शेतकी खात्यातले त्यांचे सहकारी या गौरवग्रंथात लिहितीलच. मी केम गावची एक शेतकरीण. पण माझे शेत त्यांनी वाचवले, तेव्हा मला गप्प बसवणार नाही.

पती वारले आणि गांजाच्या लागवडीचा परवाना आबकारी खात्याने माझ्या नावे केला, तोही एका हंगामापुरता. पीक बिघडले तर तो दिरांकडे जाणार होता, आणि दीर टपूनच होते. अशात झाडांनी माना टाकल्या. मी पाणी वाढवले, तर झाडे आणखीच मलूल! शेवटी सोलापूरला शेतकी खात्यात अण्णांना निरोप धाडला.

अण्णा भर दुपारी केम स्टेशनात उतरले, शेतात एक फेरी मारली आणि चकार शब्द न बोलता धर्मशाळेत जाऊन झोपले. मला असा संताप आला म्हणता! पण दुसऱ्या दिवशी उजाडताच बांधावर हजर. म्हणाले, "दुपारी समदीच झाडं दमत्यात, ताई. सकाळी बघायचं. तहानेलं झाड रातीत मान उचलतंय. मुळात रोग असला की उचलत न्हाय."

पाहते तो काय, सारे शेत ताठ उभे होते. पाटाकडेचा एक तुकडा तेवढा पडलेला. अण्णांनी एक खोड नखाने सोलून आतली तपकिरी रेघ दाखवली. तो मर रोग होता, आणि माझेच पाणी तो पुढे नेत होते.

ती झाडे उपटून जाळायला हवी होती. पण आबकारीचा माणूस समोर असल्याशिवाय एक रोपही उपटायची मुभा नव्हती, आणि तो कधी येईल याचा नेम नव्हता. अण्णांनी कोट काढून बांधावर ठेवला, कुदळ घेतली, आजारी तुकड्याभोवती स्वतः चर खणला आणि पाटाचे पाणी दुसरीकडे वळवले. तो माणूस येईपर्यंत ते केममध्येच राहिले. हे पीक बाईमाणसाला झेपत नाही, असे दिरांनी त्याच्या कानावर घातले, तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "झेपतंय की. मी बघितलंय."

रोग चराबाहेर गेला नाही. परवाना आजही माझ्याच नावे आहे.

यंदा उन्हाळ्यात अण्णा आजारी पडले. दुपारी भेटून आलेले लोक मान हलवत परतत. मी मुद्दाम सकाळीच सोलापूरला, सात रस्ता चौकाजवळच्या त्यांच्या घरी गेले. अण्णा अंगणात ताठ उभे होते आणि तुळशीला फार पाणी घातले म्हणून सूनबाईंना रागे भरत होते. मी चहासुद्धा न घेता निर्धास्त गाडीला गेले.

अण्णा, देव आपल्याला शंभर वर्षे देवो, आणि रोज सकाळी असेच रागे भरायला उभे ठेवो.